वर बर्फ, खाली कोमट

भाची: आधी प्लग काढते. मग बोला काय बोलायचं ते.

मामी: बोलायचं काय त्यात. दारात उभी राहिलीस तेव्हा वाटलं, मेकॅनिक बाई आली. तोंडाला रुमाल, खांद्याला पिशवी. मग म्हणालीस, ‘तक्रार कुणाची?’ तिथंच ओळखलं. तुझी आई अशीच विचारायची. साऱ्या जगानं जणू तिच्याच दारात तक्रारी घेऊन यायच्या.

भाची: फ्रीजला काय होतंय?

मामी: मामीला काय होतंय, ते नाही विचारणार?

भाची: मी फ्रीजसाठी आले आहे.

मामी: बरं बाई. वरच्या कप्प्यात बर्फ होतोय, खाली मात्र सगळं कोमट. दूध नासतं, भाजी सडते. आधी नुसती घरघर चालली होती, पलीकडे कुणी घोरतंय असं वाटायचं. मग एकदम गप्प झाला. तुझ्या मामांचंही तसंच झालं. आधी घरघर, मग गप्प.

भाची: कळलं होतं मला, मामा गेल्याचं.

मामी: कळलं होतं आणि आली नाहीस.

भाची: नाही आले. वरच्या कप्प्यातलं सगळं बाहेर काढा. मला मागचा पत्रा खोलायचा आहे.

मामी: तूच काढ. माझी कंबर वाकत नाही. आणि मला तुम्ही-बिम्ही काय म्हणतेस? या घरात होतीस तेव्हा ‘ए मामी’ म्हणायचीस.

भाची: गिऱ्हाइकाला आम्ही तुम्हीच म्हणतो.

मामी: असं. चांगली शिकवण आहे तुमच्या दुकानाची.

भाची: पंख्याची मोटर गेली असणार. या फ्रीजमध्ये गारवा वरच तयार होतो, या पत्र्याआड. तिथं एक छोटा पंखा असतो, तो गार वारा खाली ढकलतो. पंखा थांबला की वरच्याचं वर राहतं आणि खालच्याला काही पोचत नाही. या घरात आमचं व्हायचं, तसंच.

मामी: सुई टोचायची संधीच बघत होतीस. ये, टोच. सवय आहे मला, रोज दोन वेळा टोचून घेते.

भाची: साखर आहे?

मामी: साखर, दाब, गुडघे. जे जे म्हणशील ते आहे. मुलगा तेवढा नाही इथं. तो लांब गेला, हा दोन दारांचा फ्रीज पाठवला आणि आईबद्दलचं कर्तव्य उरकलं. तू कशी आलीस पण? दुकानात फोन केला तेव्हा तो माणूस म्हणाला, आमचा मेकॅनिक येईल. बाई येईल असं नाही म्हणाला.

भाची: तक्रार दुसऱ्याकडे गेली होती. पत्ता वाचला आणि मी मागून घेतली.

मामी: मागून घेतलीस?

भाची: हो. आणि मग दाबून ठेवली. तुमचे फोन येत होते, मालक विचारत होता. मी सांगत होते, मोटर मिळत नाहीये. तक्रार वाचूनच कळलं होतं, पंख्याची मोटर गेली असणार; ती माझ्या पिशवीतच होती.

मामी: का?

भाची: थोडं गरम पाणी द्या. पत्रा बर्फाला चिकटलाय, ओढला तर तुटेल.

मामी: मी विचारलं, का?

भाची: बंद फ्रीजसमोर उभं राहणं काय असतं, ते तुम्हाला कळावं म्हणून. पाणी उकळतं नको. हाताला सोसेल एवढंच.

मामी: हे घे. सांडू नकोस जमिनीवर, मी घसरले तर उचलायला कुणी नाही. ...तर हे असं आहे. मला वाटलं, माझं नशीबच फुटकं, म्हणून मोटर मिळत नाही. मी त्या दुकानवाल्याला देवमाणूस समजत होते, रोज बिचारा माफी मागायचा. आणि इकडे ही आमची भाची पिशवीत मोटर घेऊन गावभर फिरत होती.

भाची: हो.

मामी: मग ऐक आता. माझी इंजेक्शनं गार ठेवावी लागतात. तुझ्या कृपेनं ती शेजारणीच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवली. ती काही तोंडानं बोलत नाही. पण मी गेले की दार अर्धंच उघडते, आणि मी बाटली घेईपर्यंत तिचा हात फ्रीजच्या दारावर. जशी मी तिचं लोणी पळवणार आहे. परवा ती कुठं तरी गेली, न सांगता. दाराला कुलूप. मी तिच्या उंबऱ्याशी बसून राहिले दुपारभर. सकाळचं इंजेक्शन चुकलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. येणारेजाणारे बघत होते. एकानं विचारलं, आजी, घर विसरलात का?

भाची: हे मला माहीत नव्हतं.

मामी: माहीत असतं तर आली असतीस?

भाची: सांगता येत नाही.

मामी: खरं बोललीस. नाही आली असतीस. मीही नसते आले.

भाची: पत्रा सुटला. हे बघा, पंखा जाम आहे, बोटानं फिरवला तरी फिरत नाही. मीटर लावते. ...काटा हलत नाही. आतली तार जळली आहे. मोटर बदलावी लागेल.

मामी: मग बदल. पिशवीतच आहे ना?

भाची: आहे. ही बघा.

मामी: मग हातात धरून काय बसलीस?

भाची: आधी एक सांगा. तुम्ही लग्नाला गेला होतात, त्या दिवशी किल्ली कुठं होती?

मामी: आलीस का शेवटी तिथंच. कुठलं लग्न नि कुठली किल्ली. तो जुना फ्रीज भंगारात जाऊन किती वर्षं झाली.

भाची: फ्रीज गेला. मी आहे अजून. आई-बाबा गेले आणि मामांनी आम्हां दोघां भावंडांना इथं आणलं. तेव्हापासून त्या फ्रीजला कुलूप असायचं. दूध, फळं, गोडधोड सगळं आत, आणि किल्ली तुमच्याकडे. तेही सोडा, उपाशी ठेवलं असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी धाकट्याला ताप होता, हात लावला तर चटका बसत होता. तुम्ही दोघं मुलाला घेऊन तुमच्या भावाकडच्या लग्नाला निघून गेलात. दुपारी तो बडबडायला लागला. मला एवढंच माहीत होतं, बर्फ लावायचा. मी सगळं घर उलथंपालथं केलं, पण किल्ली कुठंच नाही. मग त्या दाराला धरून ओढत बसले, पाय भिंतीला लावून. फ्रीज पुढं सरकत आला, दार उघडलं नाही. मागं वळून बघितलं तर त्याला झटके येत होते.

मामी: डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ताप मेंदूत गेला होता. बर्फानं काही झालं नसतं.

भाची: माहीत आहे मला. मोठी झाल्यावर मी जाऊन विचारून आले. पाय गेलाच असता, बोलणंही गेलंच असतं. त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही.

मामी: मग कशाबद्दल म्हणतेस?

भाची: परत आल्यावर तुम्ही लोकांना काय सांगितलंत त्याबद्दल. किल्ली खुंटीला होती, पोरीला शोधता आली नाही, असं तुम्ही मावशीला सांगितलंत, शेजाऱ्यांना सांगितलंत, दवाखान्यात नर्सलासुद्धा. सगळी नात्यातली माणसं माझ्याकडे बघून चुकचुकायची. एवढी घोडी झाली, खुंटीवरची किल्ली दिसली नाही, भावाचा पाय घालवला. मी मामांकडे बघायचे. मामा पेपर वाचायचे.

मामी: पेपर वाचण्यात त्यांचा जन्म गेला.

भाची: किल्ली कुठं होती?

मामी: तुझ्या आईला विचार.

भाची: आईचा काय संबंध?

मामी: संबंध? त्या फ्रीजला किल्ली फिरवायची सुरुवात कुणी केली, ठाऊक आहे तुला? तुझ्या आईनं. मी नवी नवरी होते, ती लग्नाची राहिलेली नणंद. घरात तिचंच राज्य. मला दिवस गेले होते, भूक आवरायची नाही. एकदा दुपारी मी उभ्या उभ्या दोन घोट दूध प्यायले, तेवढ्यात ही मागं येऊन उभी. संध्याकाळी पाहुणे बसले होते, सगळ्यांसमोर म्हणाली, आमच्या घरात मांजर शिरलंय, डोळे मिटून दूध पितंय. सगळे हसले. तुझे मामाही हसले. दुसऱ्या दिवसापासून फ्रीजला कुलूप. आणि माझं नाव पडलं मांजर. वहिनी नाही, सून नाही, मांजर. पोट पुढं आलेलं, आणि मी दुधासाठी नणंदेपुढं हात पसरायचा. ती किल्ली बोटात फिरवत विचारायची, कशाला हवंय?

भाची: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

मामी: कुणाला बोलू? ती लग्न करून गेली तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून गेली. म्हणाली, सांभाळ, मांजरी. मी सांभाळली. मग तिची पोरं माझ्या दारात आली. तू तर हुबेहूब तीच, तोच आवाज, तेच बघणं. दूध हवंय म्हणालीस की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मनात म्हणायचे, कशाला हवंय?

भाची: म्हणजे आईचा सूड आमच्यावर.

मामी: ती मरून बसली होती. मग कुणावर काढायचा?

भाची: बरोबर आहे. ती मेली, तिला विचारता येत नाही. तिनं वाईट केलं, फार वाईट केलं, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही आहात अजून. तेव्हा माझ्या वाटणीला तुम्हीच.

मामी: घे मग. म्हातारीचं तोंड काळं कर आणि जा.

भाची: मला नका सांगू. त्याला सांगा. तो लहानपणापासून तेच ऐकत आला. मी किल्ली शोधली नाही असं त्याला वाटतंय आणि तरी तो माझ्याशी चांगला वागतो. ते मला सहन होत नाही. मी फोन लावते. सांगितलंत की मोटर बसवते.

मामी: आणि नाही सांगितलं तर?

भाची: तर पत्रा लावते, पिशवी उचलते. शेजारीण आहेच तुमची.

(फोन लागतो. भाऊ बोलतो तो सावकाश, शब्दाशब्दात थांबत.)

भाऊ: ताई, लवकर बोल. दुकानाची पाटी रंगवतोय. अर्धं अक्षर... झालंय.

भाची: मी मामींकडे आहे. त्यांच्या घरी. फोन स्पीकरवर ठेवलाय, त्या ऐकत आहेत.

भाऊ: कशाला गेलीस?

भाची: फ्रीज बिघडलाय त्यांचा. त्यांना तुला काही सांगायचं आहे.

मामी: मला नाही. हिला सांगायचंय, माझ्या तोंडून. कसा आहेस बाळ?

भाऊ: बाळ नाही मी. टक्कल पडलंय.

मामी: अगोबाई. मामांवर गेलास. ...हे बघ, तो ताप आला होता ना तुला, तेव्हाचं आहे. ती जी किल्ली...

भाऊ: तुझ्या कमरेला होती.

भाची: तुला... तुला कुणी सांगितलं?

भाऊ: कुणी नाही. निघताना ती माझ्यावर वाकली. कपाळाला हात लावला. किल्ली वाजली. मग दारापर्यंत... वाजत गेली. मी तापात होतो, ताई. बहिरा नव्हतो.

भाची: मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? मला वाटत होतं, तूही तेच मानतोस. दर वेळी तुझा पाय बघितला की मी...

भाऊ: मला बोलता यायला लागलं, तोवर तू तो विषयच सोडलास. मला वाटलं, तुला माहीतच आहे. तू घर शोधलंस ना. मी बघत होतो. खुंटी... चारदा बघितलीस.

मामी: मग झालं तर. पोराला सगळं माहीत होतं. त्याच्या मनात काही नाही आणि तू उगाच जळत बसलीस. चल, बसव ती मोटर.

भाऊ: काही नाही असं कोण म्हणालं?

मामी: म्हणजे?

भाऊ: मला बोलायला वेळ लागतो, मामी. राग यायला नाही. हिला वाटतं, तू कबूल केलंस की झालं. कबूल करून... मला काय मिळणार? शब्द माझ्याकडे आधीच कमी आहेत. तुझे घेऊन काय करू? ताई, तो फ्रीज दुरुस्त होईल?

भाची: मोटर बसवली की होईल.

भाऊ: बर्फ होतो त्यात?

भाची: होतो.

भाऊ: मग बसव. चांगली बसव. उद्या मी येतो. मला बर्फ हवाय.

मामी: अरे, आता काय करायचाय तुला बर्फ? ताप आहे का तुला?

भाऊ: नाही.

मामी: मग?

भाऊ: तरी. तू काढायचा. तू आणायचा. माझ्या कपाळाला... तू लावायचा. तो पुरता वितळेपर्यंत हात काढायचा नाही. ताईनं मधे यायचं नाही.

मामी: हा काय पोरखेळ?

भाऊ: तेव्हा पोरच होतो. ताई, अक्षर वाळतंय. ठेवतो.

भाची: ठेवला त्यानं.

मामी: वेडा आहे का गं तो?

भाची: नाही. आमच्या घरात शहाणा तोच आहे. मला इतक्या वर्षांत हे सुचलं नाही.

मामी: लोक काय म्हणतील? धडधाकट माणसाच्या डोक्याला बर्फ लावत उभी राहू?

भाची: धडधाकट नाही तो. टॉर्च धरा. खाली नाही, इथं, या खोबणीत. जुनी मोटर काढते. हा पंखा नव्या मोटरच्या दांड्यावर बसवायचा. ही रबरं नीट बसली नाहीत तर पुन्हा घरघर सुरू होईल. टॉर्च अजून वर.

मामी: जड आहे गं हा.

भाची: दोन्ही हातांनी धरा.

मामी: तुझी आई गेली त्याच्या आदल्या वर्षी इथं आली होती. तू तिचा पदर धरून उभी होतीस. मी फ्रीज उघडला, दूध ओतलं, तुला दिलं. तिच्यादेखत. मला वाटलं, काहीतरी बोलेल. निदान नाव घेऊन हाक मारेल. ती म्हणाली, मांजरीला माया फुटली.

भाची: आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?

मामी: हसले. सगळे हसले म्हणून हसले.

भाची: ...झालं. जोडणी केली. पत्रा लावते. आता प्लग लावा. दार उघडं असलं की हा पंखा फिरत नाही. दाराच्या चौकटीत हे बटण आहे ना, ते दाबून धरा, म्हणजे त्याला वाटेल दार बंद आहे.

मामी: हे?

भाची: हेच. हात आत घाला. वारा लागतोय?

मामी: लागतोय. गार आहे. आवाज किती बारीक आहे गं याचा.

भाची: संध्याकाळपर्यंत खालचा कप्पा गार होईल. मग इंजेक्शनं घेऊन या. रिकामा ट्रे आत्ताच भरून ठेवा, उद्यापर्यंत बर्फ होईल.

मामी: तूच भर की. हात तिथंच आहे तुझा.

भाची: नाही. ते तुमचं काम आहे.

मामी: दे इकडे. ...सांडतंय. पुसून घेते मी, तू राहू दे. हं. ठेवला. मिटलं?

भाची: उद्या मिटेल. नाहीतर नाही मिटणार.

मामी: किती वाजता येणार तो?

भाची: काम आटोपलं की.

मामी: मग वर पाठव थेट. दार उघडंच ठेवते मी. तीन जिने चढता येतात का त्याला?

भाची: नाही येत. तुम्ही खाली यायचं.

मामी: माझे गुडघे बघितलेस का तू? एकेका पायरीला थांबावं लागतं. खाली पोचेपर्यंत हातातल्या हातात वितळून जाईल बर्फ.

भाची: मग परत वर यायचं, दुसरा घ्यायचा.